मृतांच्या यादीतली शेजारीण

रविवारच्या उपासनेला तेवीस माणसं उरली, तेव्हा नव्या पाळकसाहेबांनी फर्मान काढलं. प्रत्येकाने चर्चच्या आसपासची दहा दारं वाटून घ्यायची, बेल वाजवायची आणि शेजाऱ्यांना रविवारी उपासनेला, नंतर चहाला बोलवायचं. मंडळी नाकं मुरडत तयार झाली. चर्च सुटलं की चपला पायात आणि माणसं घरात, अशी यांची जुनी रीत. शेजारी कोण राहतं हे ठाऊक असायचा प्रश्नच नव्हता.

मोठ्या बाई मात्र खुशीत होत्या. सदतीस वर्षं शाळेत घालवून निवृत्त झाल्या, तरी हजेरी घ्यायची खोड काही गेली नव्हती. चर्चच्या सगळ्या नोंदी त्यांच्याकडे. वर्षातून एकदा, स्मरणाच्या रविवारी, मंडळीतल्या मृतांची नावं वाचायचा मानही त्यांचाच, आणि त्या मानाला त्या कोणाला हात लावू देत नसत. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. नाव चुकलं असं आजवर झालं नाही, हे त्या स्वतःच चारचौघांत सांगायच्या.

बाईंच्या वाट्याला चर्चच्या मागची गल्ली आली. चर्चचं फाटक पुढच्या रस्त्यावर, त्यामुळे इकडे मंडळीतलं कोणी फिरकत नसे. शनिवारी दुपारी बाई आमंत्रणाची कार्डं घेऊन निघाल्या. पहिल्या दारात कुत्रं भुंकलं. दुसऱ्या दारातल्या गृहस्थांनी जाळीतूनच कार्ड घेतलं. तिसरीकडे कुलूप. चौथं दार चर्चच्या मागच्या भिंतीला अगदी चिकटून होतं. बाईंनी बेल वाजवली, चेहऱ्यावर हसू चढवलं आणि दार उघडलं तसं ते हसू जागच्या जागी थिजलं.

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. अंगात पांढरा कोट, बोटांना प्लास्टरची पांढरी भुकटी. पूर्वी उपासनेला येणारा हा चेहरा मोठ्या बाईंनी लगेच ओळखला. ही बाई मेलेली होती. नऊ वर्षं मोठ्या बाई तिचं नाव मृतांच्या यादीत वाचत होत्या.

बाईंच्या हातातली कार्डं खाली पडली.

"या ना," ती शांतपणे म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या घरचं पाणी चालेल ना तुम्हाला?"

तिने बाईंना दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. समोरच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडले होते, शेजारी गुलाबी मेण, कानशी, छोटासा बर्नर. दातांच्या डॉक्टरांसाठी ती घरी बसून कवळ्या बनवायची. इतके दात एकदम समोर बघून बाईंना कसंसंच झालं. तिने दिलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं.

"पण तुम्ही तर... तुमच्या घरी मयत झालं होतं. मी तेव्हा बहिणीकडे होते, पण परत आल्यावर कानावर आलं होतं."

"आईचं. शेवटचे चार महिने माझ्याकडे होती ती. म्हणून तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकली, की स्मरणाच्या रविवारी तिचं नाव वाचा. माझ्या कामाच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव वर असतं आणि पेशंटचं खाली. हाताला तीच सवय. माझं वर लिहिलं, आईचं खाली."

बाकीचे लोक चिठ्ठीवर फक्त गेलेल्या माणसाचं नाव लिहीत. बाईंनी वरचं नाव वहीत उतरवलं होतं आणि चिठ्ठी टोपलीत टाकली होती. एकदा वहीत चढलेलं नाव दरवर्षी आपोआप पुढच्या यादीत जायचं.

"त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले होते," ती म्हणाली. "आईचं नाव येईल म्हणून हात जोडून बसले, आणि तुम्ही माझं वाचलंत. अंगावर सर्रकन काटा आला. वाटलं, आता कोणीतरी उठेल, म्हणेल, अहो बाई, ही तर इथे बसलीय! सहासष्ट माणसं होती, मी मोजली. एकानेही मान वर केली नाही. सगळे 'आमेन' म्हणाले. बाहेर पडताना तेव्हाच्या पाळकांनी हात हातात घेतला, 'पुढच्या रविवारी या' म्हणाले."

"तुम्ही सांगायचं होतं ना मला! तेव्हाच!" बाईंचा शाळेतला आवाज निसटला.

"काय सांगू? मी जिवंत आहे म्हणून? वाट पाहिली. म्हटलं, चार रविवार दिसले नाही तर कोणीतरी येईल विचारायला. दरवर्षी त्या दिवशी ही खिडकी उघडी ठेवते. तुमचा आवाज काय, छान ऐकू येतो. तुमच्या मंडळीतल्या त्या घड्याळवाल्या आजोबांची कवळी मीच घासलीय. मेलेल्या बाईचे दात लावून गाणी म्हणतात बिचारे."

बाईंना हसू आलं नाही. लाजेने त्यांचे कान तापले. वहीत नाव लिहिलं तेव्हा 'अरेच्चा, ही कधी गेली?' असं क्षणभर मनात आलं होतं, हे त्यांना आत्ता लख्ख आठवलं. उठून दोन पावलं चालून विचारलं असतं तर! पण तेव्हा त्यांनी पान उलटलं होतं.

"उद्या या तुम्ही," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी सगळ्यांसमोर सांगते."

"येते. पण आधी सांगू नका. बघू तरी कोणी ओळखतं का."

रविवारी ती आली. घड्याळवाले आजोबा दारात गीतांची पुस्तकं वाटत होते. त्यांनी तोंडभर हसून तिचं स्वागत केलं. "पहिल्यांदाच ना आमच्याकडे? लाजू नका, आपलंच समजा." ती बाईंच्या शेजारच्या बाकावर टेकली.

प्रार्थनेनंतर बाई उठल्या. यादीतलं ते नाव त्यांनी खणखणीत आवाजात उच्चारलं आणि विचारलं, "या कोणाला आठवतात का?"

"न आठवायला काय झालं!" आजोबा लगेच म्हणाले. "फार सज्जन बाई. त्यांच्या अंत्यविधीला होतो की मी. पाऊस लागला होता, त्यांच्या लेकीवर छत्री मीच धरली होती."

"ती लेक मीच, अंत्यविधी माझ्या आईचा होता," बाकावरून आवाज आला. "आणि ते नाव माझं आहे."

आजोबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पाळकसाहेब एकदा बाईंकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. बाईंनी मग काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. चिठ्ठी, वही, उलटलेलं पान, नऊ वर्षं. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. मग एकेक जण उठला. कोणी तिचे हात धरले, कोणी डोळे पुसले. आजोबांनी तर कानच पकडले. सगळ्यांनी मनापासून माफी मागितली.

ती ऐकत होती. सगळं शांत झाल्यावर म्हणाली, "माफी पोचली. पण बाई, काल तुम्ही माझ्या घरी तासभर बसलात. आज ही सगळी मंडळी माझ्याशी बोलली. आईचं नाव काय होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही."

बाईंनी डोळे पुसले, जागेवरून निघून त्या तिच्या बाकापाशी गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.