बाबांची चार अक्षरं

रविवारी सकाळी खराडीच्या त्या हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं बसली होती. सगळ्यांची नजर एका कॉम्प्युटरवर होती; गेलेली माणसं त्याच्या पडद्यावर उत्तरं देतात, असं म्हणत.

"आत्मा म्हणजे डेटा," दिगंबर महाराज सांगत होते. "देह गेला तरी डेटा जात नाही, फक्त सर्व्हर बदलतो." माणसं माना डोलवत होती. त्यातली निम्मी आयटीतली होती.

साल २००४. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. मला रडू आलं नव्हतं, धड भूकही लागत नव्हती. आई मात्र दर रविवारी इथे यायची.

तिचा नंबर आला. "यजमानांना विचारा, सृष्टीचं पुढे काय करायचं," महाराज माझ्याकडे बोट दाखवत आईला म्हणाले.

आईने कीबोर्डवरच्या सगळ्या अक्षरांवरून, एकेक दाबत, बोट फिरवलं. पडद्यावर उमटला फक्त एस. पुन्हा फिरवलं, ई आला. मग व्ही, मग ए.

"सेवा," आई पुटपुटली.

"कॉलेज सोडून आश्रमात सेवा," महाराजांनी अर्थ लावला. "पोरीला उद्याच घेऊन या."

"आपण म्हणाल तसं," आई म्हणाली.

मी वाघोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. मी पुढे झाले. "बाबा मला घरी काय हाक मारायचे, तेवढं विचारते." मी बोट फिरवलं. एकही अक्षर उमटलं नाही.

"आत्मा थकलाय," महाराज म्हणाले.

"असेल. रविवार आहे."

गेल्या खेपेला मी मागे बसून सगळं पाहिलं होतं, म्हणून आज फ्लॉपी आणली होती. ती घातली आणि मशीन रीसेट केलं. "अहो ताई, हात लावू नका," कॉम्प्युटर सांभाळणारा शिष्य शंभू धावला. तोवर विंडोजऐवजी फ्लॉपीवरच्या डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीचा, काळा पडदा आला होता.

"आई, आता फिरव बोट."

तोच कीबोर्ड. सगळी अक्षरं ओळीने उमटली.

"काळ्या पडद्यावर आत्मा येत नाही," महाराज म्हणाले.

"म्हणजे आत्म्याला विंडोजच लागतं का?" मागून एका काकांनी विचारलं.

मी फ्लॉपी काढली, विंडोज सुरू केलं आणि माउसने कीबोर्ड चालवणाऱ्या फायलींची, म्हणजे ड्रायव्हरची, यादी उघडली. विंडोजच्या फायलींखाली आणखी एक फाइल होती. नाव 'आत्मा'.

"याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात," मी सांगितलं. "तुम्ही दाबलेलं बटण विंडोजकडे जायच्या आधी याच्या हातात पडतं. याला आधीच चार अक्षरं देऊन ठेवली, की हा तेवढीच एकेक करून पुढे सोडतो. बाकीची गिळतो. प्रश्न काहीही विचारा."

सगळ्यांनी शंभूकडे पाहिलं. "मला जे शब्द दिले ते मी घातले," तो खाली बघत म्हणाला. महाराज आतल्या खोलीत निघून गेले.

आम्ही रिक्षात बसलो. आई म्हणाली, "म्हणजे ते काहीच बोलले नाहीत?"

"नाही, आई."

तिने मान हलवली. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही. मला स्वतःला काय वाटत होतं तेही सांगता आलं नसतं. सोमवारी मी कॉलेजला गेले.

तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी बोलू लागलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे शब्द घातले कुणी?