ब्रदर एफ्रेनचा तोल

"पडली नाही! बघा, पडली नाही!"

बास्केटबॉलच्या मैदानावर एकच कल्ला उठला. एरवी सकाळी गावातली म्हातारी मंडळी तिथे गाण्यावर हातपाय हलवायची. आज मात्र सगळी ब्रदर एफ्रेनभोवती गुळाला मुंग्या लागाव्यात तशी चिकटली होती. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावर सध्या त्याच्याच ताईताचा बोलबाला. लाल पुरचुंडीतला पितळी ताईत विकत घ्यायचा, मुठीत धरायचा, की म्हातारपणाचा झोक गेलाच म्हणून समजा! मग काठी हवी कशाला? ती त्याच्या ढिगात टाकायची. ढीग एवढा झाला होता, की त्यावर एखाद्या लग्नाचा भात शिजला असता.

नार्दो हे सगळं आपल्या मोटारसायकलच्या साइडकारला टेकून बघत होता. पन्नाशी उलटलेला, पण गावातला पक्का वात्रट. फादरच्या छत्रीत तांदूळ भरून ठेवणारा तो हाच. आज मात्र त्याला हसू येत नव्हतं, कारण रांगेत त्याची आई उभी होती. सगळ्या गावाची लोला, म्हणजे आजी, तिका. गेल्या वर्षी ओल्या मोरीत घसरून तिने मनगट मोडून घेतलं होतं. तरी मासळी आणायला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या रोज तीच उतरायची, काठी टेकत. ती काठी आज ढिगात गेली, तर उद्या त्या पायऱ्यांवर काय होईल, हे नार्दोला दिसत होतं.

"आई, काठी देऊ नकोस."

"का? पेरिंगने दिली. हरणीसारखी गेली बघ!"

"पेरिंग मावशी खांब धरत धरत गेली."

"तू गप रे! तुझ्यापेक्षा तो ब्रदर पोरगा बरा. आल्याआल्या सगळ्यांचा मानो घेतो. तू माझा शेवटचा मानो कधी घेतलास, आठवतंय का?"

नार्दोला ते झोंबलं. मानो म्हणजे थोरांचा हात हातात घ्यायचा आणि वाकून आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा. कुणी मानो मागितला, की म्हाताऱ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो, आणि हातासोबत अंगाचा सगळा भारही जातो. समोरचा पोर सांभाळून घेणार, हा विश्वास असतो.

आता नार्दो त्या ब्रदरचा मानो टक लावून बघू लागला.

"पाय जुळवा, लोला! डोळे मिटा! साठी उलटली की अंगातलं लोहचुंबक उलटं फिरतं, पृथ्वी माणसाला ढकलायला लागते!" एफ्रेनने बाजूला उभं राहून मानोसाठी म्हातारीचा हात घेतला आणि बाहेरच्या बाजूला वाकला. म्हातारी कलंडली. त्याने तिला झेलली. "बघितलंत? ढकललं!" मग तिच्या दुसऱ्या मुठीत पुरचुंडी. "आता पाय पसरून आरामात उभ्या राहा." या वेळी तो तिला अगदी खेटून वाकला आणि हात तिच्या पोटाशी, सरळ खाली दाबला. म्हातारी खांबासारखी उभी. टाळ्या!

"अरे लबाडा," नार्दो पुटपुटला, आणि आज पहिल्यांदाच त्याला हसू फुटलं.

तो न्याहारीच्या टपरीवर गेला, सुक्या मासळीचं एक डोकं मागून घेतलं. पुरचुंड्या टेबलावर मांडलेल्या होत्या. ब्रदरला पाणी द्यायच्या निमित्ताने त्याने पहिल्या पुरचुंडीतला ताईत खिशात घातला आणि मासळीचं डोकं आत सारलं.

लोला तिकाचा नंबर आला. आधी कलंडली, मग तीच पहिली पुरचुंडी घेऊन ताठ उभी राहिली. ब्रदरने तिची काठी काढून घेतली.

"थांबा ब्रदर! ताईताचं दर्शन तरी घेऊ द्या आईला."

पुरचुंडी उघडली. मासळीने सगळ्यांकडे डोळे वटारले. वासाने पुढची रांग मागे सरकली आणि हशा पिकला.

पण एफ्रेन कसला डगमगतो! "मासा! शुभचिन्ह! माझा हात लागला की खारी मासळीसुद्धा ताईत होते!"

काही माना डोलल्या. लोला तिकाचीही. "बघ नार्दो, मासळीतसुद्धा गुण उतरला."

नार्दोने कपाळावर हात मारला. मग एकदम गरीब चेहरा केला. "चुकलो, ब्रदर. मानो द्या."

पन्नाशीचा बाप्या तिशीच्या पोराकडे मानो मागतोय! ब्रदर कोंबड्यासारखा फुगला. हात पुढे आला.

"पाय जुळवा, ब्रदर. डोळे मिटा. आशीर्वाद सांडायला नको."

गळ्यात ताईतांची माळ घालून ब्रदरने डोळे मिटले. नार्दो बाजूला सरकला, बाहेर वाकला, हात जरासा ओढला. ब्रदर थेट काठ्यांच्या ढिगात! खडखडाट!

"काय ब्रदर, पृथ्वीने ढकललं?"

"याने ओढलं मला! ओढलं!"

"हेच! हेच वदवून घ्यायचं होतं!" नार्दो ओरडला. "पाय जुळवून, डोळे मिटून कुणालाही बाहेर ओढा, तो पडणारच. पाय फाकवून त्याच्याच पायांकडे दाबा, हलणार नाही. ताईत धरा नाहीतर मासळी. हवं तर करून बघा!"

सगळे करायला लागले. लोला तिकाने पेरिंगला ओढलं, पेरिंगने तिला दाबलं. दोघींना लबाडी कळली. मग लोला तिका ब्रदरसमोर जाऊन उभी राहिली.

"पोरा, आम्ही हात देतो तो आशीर्वादाला. तोच ओढतोस?" तिने हात पुढे केला. "दे माझी काठी. ही घेऊनच मी चालणार, चारचौघांत, मिरवत. ज्याला लाज वाटेल त्याने तोंड फिरवावं!"

मग ढिगाभोवती अशी झुंबड उडाली, की ब्रदर कधी सटकला ते कुणाला कळलंच नाही.

तर मंडळी, तोल जातो तो चुंबकाने नाही. गुडघे ढिले पडतात, नजर अंधुक होते, एखाद्या गोळीने गरगरतं, नाहीतर मोरीच ओली असते. गरगरलं तर डॉक्टरला विचारा, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. काठीच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर बदला, मोरीत धरायला दांडा ठोकून घ्या. आणि रोज खुर्चीतून उठा-बसा. पायात जोर आला, की हातांचा आधार कमी करा. यात चमत्कार एकही नाही, म्हणूनच याचा उपयोग होतो. म्हातारपण म्हणजे मुकाट मान डोलवायचं वय नव्हे. "हे कसं होतं, परत करून दाखव," असं तोंडावर विचारा. विचारणारी म्हातारी माणसं भोंदूंना परवडत नाहीत.