थोरलीची सीट

"अहो, झालं का?" थोरलीनं गोठ्यातूनच ओरडून विचारलं.

"होतंय, होतंय. दम धर जरा!" जीपमधून घरधन्याचा नुसता आवाज आला. माणूस आत डोकं खुपसून, पाय बाहेर सोडून पालथा पडला होता.

दम धर म्हणे! सकाळचं दूध पोचवून आल्यापासून बाई दुसरं करत काय होती? म्हशींना पाणी दाखवलं की अंगणात, शेणाची पाटी टाकली की परत अंगणात. बूड टेकून घोटभर चहा काही घेतला नव्हता. वाराही तसलाच सुटलेला. झाडून घ्यावं तर घटकेत सगळं अंगण फुफाट्यानं भरायचं. त्यात ती एक हात कंबरेवर ठेवून या टोकाकडून त्या टोकाला नुसती येरझारा घालत होती.

वरच्या वस्तीचं सगळं दूध खाली डेअरीवर न्यायचं ते थोरलीनं. जीप सासऱ्याच्या वेळची. घरधन्यानं ती एकदा विहिरीच्या कठड्यावर नेऊन घातली होती, तेव्हापासून त्यानं स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं घरातच ठरलं. मग थोरली शिकली. आधी लोक हसले, मग कॅन घेऊन तिच्या हॉर्नची वाट बघायला लागले. तिनं कोपऱ्यावर हॉर्न दिला की वस्तीतल्या बाया चूल सोडून पळत यायच्या.

पण जीपची सीट म्हणजे शिक्षा होती. आतल्या स्पंजाचा भुगा झालेला, खालची स्प्रिंग सारखी टोचायची आणि उताराचा रस्ता सगळा दगडगोट्यांचा. थोरलीची कंबर पार कामातून गेली. डॉक्टरनं बजावलं, "एक तर सीट बदला, नाही तर गाडी सोडा."

धाकट्या दिराला यातलं शेवटचंच तेवढं ऐकू आलं. "वहिनी, कशाला जिवाचे हाल करता? मी चालवतो की. दूधही नेईन, बाजाराच्या सवाऱ्याही भरीन." दिवसाआड त्याचं हेच पालुपद. त्याचं गोड बोलणं सुरू झालं की थोरली आधी चावी चाचपून बघायची. गाडी एकदा त्याच्या हातात गेली की परत कसली मिळते! मग आपण पुन्हा नुसत्या चुलीच्या आणि गोठ्याच्या. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण घरधन्याला कळलं असावं. कारण भंगारवाल्याकडं एक नव्या मॉडेलची गाडी आली, पुढून पार चेचलेली पण सीटा कोऱ्या करकरीत, तेव्हा तो कुणाला न विचारता दोन सीटा बैलगाडीत घालून घेऊन आला.

"कंबरेला टेकण आहे बघ, मानेलाही आहे!" तो सांगत होता, तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की थोरलीला हसावं का रडावं कळेना.

त्याच सीटा आज बसत होत्या. जुन्या जीपला ड्रायव्हरच्या सीटखालीच डिझेलची टाकी, तिथं वेल्डिंगची ठिणगी उडवून कसं चालेल? म्हणून टाकीच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या टाकायच्या, भोकं पाडायची आणि वर सीट बोल्टांनी आवळायची. सगळं रीतसर चाललं होतं. फक्त सीटखाली मागंपुढं सरकायचे रुळ होते, त्यामुळं ती उंच झाली. घरधनी बसून बघायला गेला तर डोकं टपाच्या पाइपावर ठाणकन आपटलं.

"अगं आई गं! हे रुळच काढतो," म्हणून त्यानं रुळ काढून बाजूला टाकले. सीट खाली आली. मग तो ऐसपैस बसला, पाय लांब सोडले, क्लच दाबून बघितला, खडूनं खूण केली आणि सीट कायमची आवळून टाकली.

आता तुम्ही म्हणाल, चालवणार कोण आणि माप कुणाचं? अहो, पण त्या घराची रीतच ती. खोऱ्याचा दांडा त्याच्या मापाचा, खाट त्याच्या मापाची, एवढंच काय, थोरली रोज जिथं उभी राहते त्या मोरीवरची फळीसुद्धा त्याच्या हाताला येईल एवढी उंच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. थोरलीलाही नाही, खोटं कशाला बोला.

दिवस कलला. बाया कॅन घेऊन अंगणातच आल्या, धाकटाही हात मागं बांधून येऊन उभा राहिला. थोरली चढून बसली. पाठ टेकली मात्र, आणि तिनं डोळेच मिटले. "अगंबाई! कुणीतरी पाठीला हात दिल्यासारखं वाटतंय हो."

घरधन्यानं मिशीला पीळ भरला.

मग तिनं पाय लांब केला. क्लच लागेना. पुढं सरकली तर क्लच लागला, पण पाठ सुटली. पाठ टेकावी तर पाय अधांतरी.

"जरा ताण देऊन बघ," घरधनी म्हणाला.

"किती ताण देऊ? पायाला पाय जोडू का आता?"

"उतरा वहिनी, मी बघतो." धाकटा बोलता बोलता चढलाही. टांगा त्याच्या भावासारख्याच लांब. मागं रेलला, क्लच दाबला, मानेच्या टेकणावर डोकं घासून बघितलं. "वा! दादा, जमलंय झकास. द्या चावी. दूध नासायचं ह्या उकाड्यात."

"हो गं बाई, जाऊ दे त्याला," कॅनवाली म्हातारी म्हणाली.

सीट आणली तिच्या कंबरेसाठी, दिवसभर जीव टांगणीला तिचा, आणि आता मजेत बसून डुलतोय तो! तिनं चावी पदराच्या गाठीत बांधली.

"भावजी, खाली उतरा."

"अहो वहिनी, पण दूध..."

"माझ्याही दोन म्हशींचं दूध आहे त्यात. उतरा म्हणते ना!"

धाकटा उतरला. घरधन्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "चुकलंच माझं. तुझं माप घ्यायचं डोक्यातच आलं नाही बघ. थांब, रुळ परत लावतो. मग ज्याला जसं पाहिजे तसं सरकवून घेता येईल. तू बसलीस की पुढं, तो बसला की मागं."

थोरलीनं रुळांकडं बघितलं, मग धाकट्याकडं बघितलं. तो मान हलवत होता, "हां, ते बेस होईल."

"रुळ नकोत," ती म्हणाली.

"अगं पण..."

"सरकणारी नकोच मला. पक्की बसवा. माझ्या मापानं. लाइट जायच्या आत दुसरी भोकं पाडून घ्या."

घरधन्यानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पाना उचलला. बोल्ट सुटले. थोरली मोकळ्या सीटवर बसली, पाठ घट्ट टेकली, क्लच तळापर्यंत दाबला आणि तशीच सीटसकट पुढं पुढं सरकत गेली. "हां, इथं. मारा खूण." ड्रिल किर्र करत फिरलं, लोखंडाचा कीस उडाला. बाया कॅनवर ओलं फडकं टाकून कुरकुरत राहिल्या, पण जागची एकही हलली नाही. शेवटचा बोल्ट आवळला आणि लाइट गेली.

कॅन चढले. तरी धाकट्याचं मन मानेना. "तुम्हाला उद्या ताप आला तर? बसून तर बघू दे." असं म्हणून तो चढायला लागला. एक टांग आत गेली, दुसरी स्टेअरिंगखाली अडकली. गुडघे वर, हनुवटी खाली. ब्रेककडं पाय न्यायला जरा वळला, तोच पोट हॉर्नच्या बटणावर दाबलं गेलं आणि जीप जी भोंगा वाजवायला लागली ती थांबेचना.

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. घरधन्यानं भावाची टांग धरून ओढली, तरी ती निघेना.

थोरली मात्र जीपच्या दाराशी शांत उभी होती, दिवसभरात पहिल्यांदाच.

"या खाली भावजी," ती म्हणाली. "उगाच हॉर्न नका देऊ. वस्तीला वाटेल मी निघाले."