दीड इंच

“ही पँट माझीच आहे ना रे?” लंबूने आरशासमोर वळून विचारलं.

कमरेला चोख, लांबीला चोख. पुढे मात्र मांड्यांच्या मध्ये जास्तीचं कापड लोंबत होतं. मी खडू शोधायचं नाटक केलं. चाळीस वर्षांत माझ्या शिलाईबद्दल कुणी असं विचारलं नव्हतं, आणि विचारावं ते लंबूने. टपाल कचेरीतून निवृत्त झालेला हा सहा फुटी माणूस, माझा उरलेला एकमेव मित्र. त्याचं माप मी कधी वहीत लिहिलं नाही. त्याचं कापड आलं की हात आपोआप चालतात.

या वेळीही चालले, फक्त माझं दीड इंच त्यात घालून चालले.

सात आठवड्यांपूर्वी माझी प्रोस्टेटची गाठ काढली. कर्करोगाची. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर खूश, परगावाहून फोनवर मुलगी खूश. मी कसला खूश! खोकलो की गळतं, शिंकलो की गळतं, खुर्चीतून उठलो की हमखास गळतं. नर्स म्हणाली होती, “काका, आधी आवळून धरायचं, मग उठायचं. तीन महिने लागतात. कुणाकुणाला वर्ष.” तोवर पॅड. शेजारच्या औषधाच्या दुकानात मागायची लाज वाटते, म्हणून दोन चौक ओलांडून जातो. ते दिसू नयेत म्हणून घरी बसून स्वतःला तीन काळ्या पँटी शिवल्या, पुढे दीड इंच जास्त सोडून. हाताला तेच वळण लागलं. मेल्या हाताला काय ठाऊक, कापड कुणाचं आहे ते.

सगळ्यांना मी हर्निया सांगितलाय. लंबूलाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

“काढ ती. अर्ध्या तासात आत घेतो,” मी म्हणालो आणि मशीनवर जाऊन बसलो.

“अर्धा तास कुठला? पाचला नातीच्या शाळेत पोचायचंय. बक्षिसं माझ्या हातून द्यायचीत.”

“मग जुनी घाल.”

“ती सुनेने धुवायला टाकली. लेंग्यावर आलोय मी.” त्याने पुढचं कापड चिमटीत धरलं. “पण असं झालं कसं रे? तुझ्या हातून?”

उत्तर अगदी जिभेवर होतं. एका वाक्याचं तर काम. मी म्हणालो, “डोळे.”

“डोळे?”

“हल्ली नीट दिसत नाही.”

धडधडीत खोटं. सुईत दोरा मी अजून पहिल्या फटक्यात ओवतो. पण गळका माणूस म्हणवून घेण्यापेक्षा आंधळा शिंपी म्हटलेलं परवडलं, असं त्या घडीला वाटलं.

लंबूने चिमटीतलं कापड सोडलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “होतं रे. वय झालं आपलं. सून म्हणत होती, तयार पँट घ्या. मीच अडून बसलो. म्हटलं, तो दुखण्यातून उठलाय, पहिलं काम आपण द्यायचं.”

म्हणजे काम नव्हतं ते, दया होती. मला भयंकर राग आला. त्याचा, स्वतःचा, त्या नर्सच्या ‘कुणाकुणाला वर्ष’चा.

“शर्ट बाहेर सोडतो,” तो म्हणाला. “कुणाला कळतंय?”

“सगळ्यांना कळेल.”

“कळू दे. कुणी विचारलंच, तर तुझं नाव नाही सांगणार.”

जाईल तिथे, कुणी विचारो न विचारो, हा माणूस माझं नाव सांगत आला होता. माझं निम्मं गिऱ्हाईक त्याच्या बडबडीवर आलेलं. आता तो मला झाकायला निघाला होता, आणि तेही प्रेमाने.

तो पायरी उतरला तेव्हा मी ठरवलं, सांगून टाकायचं. होऊ दे गावभर. निदान याला तरी कळू दे, हात शाबूत आहे म्हणून. हाक मारायला मी झटक्यात उठलो. आधी आवळून धरायचं, ते विसरलो.

सगळंच सुटलं. पॅड सकाळचं होतं. मी मशीनचा आधार घेत तसाच खाली बसलो, गुडघे जुळवून. हाक मारायची राहिलीच.

रस्त्यावरून लंबू लांब ढांगा टाकत चालला होता. वाऱ्याने शर्ट उडत होता, आणि हा एका हाताने तो पुढे घट्ट दाबून धरत होता, माझी शिलाई कुणाला दिसू नये म्हणून.