मुखेडची हाक

साखराबाईंनी लेकाच्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला आणि दोन पावलं मागं सरून हात जोडले. व्यंकटचं सगळं अंग थरथरत होतं. घामानं मळवट ओघळून नाकावर आला, तरी त्याला भान नव्हतं. भिंतीकडे बघत तो कुणाशी तरी बोलत होता.

"आई आली," साखराबाई हळूच म्हणाल्या. "माहूरची माय आली माह्या लेकाच्या अंगात. सिंधे, कापूर आण."

सून जागची हलली नाही. दाराच्या चौकटीला धरून ती नवऱ्याकडे बघत उभी होती.

टाळेबंदी लागल्यापासून मुखेडची दारूची दुकानं बंद होती, आणि आता गावात चोरून मिळायची तीही संपली होती. व्यंकटची काळीपिवळी जीप लिंबाखाली धूळ खात पडली होती. आधी तो नुसता चिडचिड करायचा. मग त्याची भाकर सुटली, झोप उडाली. तरी सिंधूला आनंदच झाला होता. रोज पहाटे अंघोळ करून रेणुकेपुढं दिवा लावायचा आणि ह्यांची दारू सुटू दे, एवढंच मागायचं, हा तिचा कितीतरी वर्षांचा नेम. आईनं ऐकलं, असं तिलाही वाटलं. आज सकाळी तर गल्लीत वाटायला म्हणून तिनं साखरेचा डबा खाली काढला होता.

आता व्यंकट अंथरुणावरच्या मुंग्या वेचायला लागला. अंथरुणावर एकही मुंगी नव्हती.

"आत्याबाई, ही देवी नव्हं," सिंधू म्हणाली.

"तुला बरं कळतंय! रोज पूजा करती म्हून?"

"हाव, म्हणूनच." सिंधूचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आई आलेला माणूस भीत नसतो. ह्यांचे डोळे बघा. हे भिऊन राहिले. दवाखान्यात न्यावं लागतंय."

"देव अंगात असल्यावर माणसाला घराबाहेर काढत नसत्यात. आई कोपली मंग?" साखराबाई उंबऱ्यातच बसल्या. "आन् शिवू नको त्याला. आई जाईस्तोर पाणी बी देऊ नको."

सिंधूनं तांब्या उचलला, नवऱ्याची मान हातावर घेतली आणि पाणी पाजलं. निम्मं सांडलं. त्याचे दात तांब्याच्या काठावर वाजत होते. अंग चटका बसावा तसं तापलं होतं.

कुडापलीकडे शेजारच्या खाजाचा टेम्पो उभा होता. भाजी न्यायला त्याला पोलिसांचा पास मिळालेला. सिंधूनं घरातूनच हाक मारली.

"खाजाभाऊ, ह्यांना मुखेडला न्याल का?"

"नेतो की वहिनी. कोबीच्या पोत्यावर झोपवू." खाजा दारापर्यंत आला आणि मळवट बघून थबकला. "पण काकीनं वाट तर दिली पाहिजे. मी हात लावला तर माह्या टेम्पोवरबी लिंबू कापतील."

"कापीनच," साखराबाई म्हणाल्या. त्या हलल्या नाहीत.

व्यंकट ताडकन उठून उभा राहिला. पाय लटपटत होते, पण उजवा हात उंच करून तो हवेत बोटं हलवू लागला. तो हात सिंधूच्या ओळखीचा होता. जीप भरायची असली की फाट्यावर तो असाच हात करायचा.

तिनं पदर डोक्यावर घेतला. त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि सासूला ऐकू जाईल असं विचारलं, "आई, कुठं जायचं म्हणतीस?"

"मुखेड!" व्यंकट ओरडला. "मुखेड, मुखेड, मुखेड! चला, बसा लवकर!"

खाजानं तोंड फिरवलं. साखराबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या.

"आईचा हुकूम हाय," त्या म्हणाल्या. "मी बी येते."

टेम्पोत व्यंकटचं डोकं सिंधूच्या मांडीवर होतं. ती रेणुकेचं नाव घेत होती. माफी मागत नव्हती. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ह्यांचा श्वास चालू ठेव, एवढंच सांगत होती.

दवाखान्यात व्यंकटला आत घेतलं, सुई टोचली, सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"वेळेवर आणलंत. रोजची दारू एकदम तुटली की असं होतं. झटके आले असते तर अवघड होतं. वाचतील ते. आता मला खरं सांगा, दिवसातून केव्हा केव्हा घ्यायचे?"

"संध्याकाळी," सिंधू म्हणाली. "गाडी लावून आले की. दिवसा न्हाई."

"तिला ठाव न्हाई."

साखराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या सुनेकडे न बघता बोलल्या.

"सकाळची बी लागायची त्याला. ही हापशावर गेली की मी न्हाणीमागं नेऊन द्यायची. कपात. न्हाई दिली की हात कापायचे त्याचे. असेच."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. सिंधूनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. शेजारी जागा झाली.

"बसा, आत्याबाई," ती म्हणाली. "कप केवढा होता, तेबी सांगा बाईंना."