कुलदीपची झोप

"समोरच्याच्या डोक्यात काय चालू आहे, थे मी दोन मिनिटात सांगतो," मी बायकोले म्हटलं. बोर्डच तसा रंगवून आणला होता: नितेश सर, मेंदूशास्त्रावर आधारित वैयक्तिक मार्गदर्शन, अमरावती.

"मंग माह्या डोक्यात काय आहे?" अपेक्षानं इचारलं.

मी तिच्याकडं दोन मिनिटं पायलं. "तू खुश आहे."

"तुमाले परत कॉलेजात तासिकेवर धाडाचं, हे आहे."

त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवता शिकवता माहे केस गेले. मंग अकोल्याले ठिबकच्या नळ्या विकाचं दुकान टाकलं. उंदरांनी नळ्या खाल्ल्या, दुकान बंद झालं. मले काही वाटलं नाही. वाटणंच कवाचं बंद झालं होतं. त्याच्यावर इलाज म्हणून ऑनलाइन कोर्स केला, डोपामाइन शिकलो. सर्टिफिकेट आलं. वाटणं काही आलं नाही.

"पहिल्यांदा कोणीबी येते, चहा फुकट असते," अपेक्षा म्हणाली. "एक माणूस दुसऱ्यांदा येऊ द्या. आला त बोर्ड ठेवा. नाही त कॉलेज."

बाळापूरचा कुलदीप माह्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्याले झोप येत नव्हती. मी त्याले एकट्याले बोलावलं, त क्रूझर गाडी भरून आली. वडील खुशालराव, आत्या गंगूबाई, अजून दोन काके. आमच्याकडं माणूस दाढ उपटाले बी एकटा जात नाही.

माही साळी प्राजक्ता शिकाले आमच्याकडंच राहाची. तिनं पोहे आणले. मी तणावाचं मूळ शोधाले लागलो.

"घरात कोण कोण? काही व्यसन? वावर घरचं का मक्त्यानं?"

कुलदीपनं तोंड उघडाच्या आधीच खुशालराव बोलून जात. "सुपारी बी खात नाही पोरगं. वावर घरचं, दोन विहिरी."

"आग्या सभावाचा आहे का?"

"गाय आहे गाय," गंगूबाई म्हणाली. "पोहे कोणं केले?"

"प्राजक्तानं."

"मीठ बरोबर आहे."

मंग मी कुलदीपच्या कपाळाले मेंदूच्या लहरी मोजाचा पट्टा बांधला. "चार मोजत श्वास घे, हळू सोड." तेवढ्यात प्राजक्ता चहा घेऊन आली. मोबाईलवरची रेघ पार वर गेली.

"मेंदू उत्तेजित आहे," मी सांगितलं.

"दिसूनच राहिलं," गंगूबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी दोन क्रूझर आल्या. मी घरात पळालो. "अपेक्षा, दुसऱ्यांदा आले!"

खाली नारळ, साखर, साडी उतरून राहिली होती.

"हे काय, भाऊ?" मी खुशालरावले इचारलं.

"काय म्हणजे? पोरगी समोर उभी करून तुमी वावर इचारलं, व्यसन इचारलं, सभाव इचारला. मी घरी जाऊन सांगितलं, पार्टी पक्की आहे. आता नाही म्हणता का?"

मी तोंड उघडलं. आतून प्राजक्ता म्हणाली, "भाऊजी, तुमी गप बसा. मले पसंत आहे."

कुंकू लागलं. अपेक्षा माह्या कानाशी आली. "हे सोयरिकीले आले. मी धरत नाही."

"पण दुसऱ्यांदा त आले!"

"थो आला होता कायले? झोपेले. लग्नापर्यंत त्याले झोप आली, त धरीन."

कुलदीप रोज फोन करे. "सर, आता त डोळाच लागत नाही."

लग्न अकोल्याले होतं. मांडवात नवरदेवाच्या बाशिंगाची दोरी तुटली. सुई भेटेना, दोरा भेटेना. गंगूबाईनं माह्या पिशवीतून थो लहरी मोजाचा पट्टा काढला अन् बाशिंग त्यानंच आवळून बांधलं. पट्ट्याचा हिरवा लाईट लागला. कोणाले तरी वाटलं, हे नवीन फॅशन आहे.

"सर, कालची रात बी जागूनच काढली," कुलदीप कुजबुजला.

"चार मोज, हळू सोड."

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. अपेक्षानं माह्या हातातल्या मोबाईलकडं मान वाकडी केली.

"काय लिवलं आहे?"

"गाढ झोप."

तिनं नवरदेवाकडं पायलं. डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"धरलं," ती म्हणाली. "राहू द्या तुमचा बोर्ड."

मी जिंकलो होतो. कुठं काही वाटते का, थे पाहाले छातीवर हात ठेवला. शर्टाचं बटन होतं.

तिसऱ्या मंगलाष्टकाले कुलदीप अंतरपाटासगट प्राजक्ताच्या अंगावर पडला.