चादरीखालचे ठोकळे

माझं हाड खुब्यापाशी मोडलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की ही म्हातारी आता अंथरुणाला खिळली. मला मात्र एकदाही तसं वाटलं नाही. डॉक्टरांनी आत सळई घालून हाड जोडलं होतं, आणि ठोकाठोकीच्या कामावर माझा विश्वास आहे. माझा नवरा सुतार आहे. हे खुर्च्यांचे सांगाडे करतात, मी वेतानं त्यांच्या बैठका विणते. विणायला बुटक्या स्टुलावर बसावं लागतं. तिथं परत बसायचं, एवढंच मला हवं होतं.

लेकीचं म्हणणं वेगळं. "हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता आलं नाही, तर महिनाअखेरीला तू माझ्याकडे यायचंस. तिथे सगळं हाताशी आहे."

मी हो म्हटलं, कारण हरायचा प्रश्नच नव्हता. हे काही सोबत येणार नव्हते. नाकात भुसा गेल्याशिवाय यांना झोप लागत नाही. म्हणजे आयुष्यभराच्या संसारानंतर आमची ताटातूट व्हायची ती एका खुर्चीपायी.

ती आमची जुनी आरामखुर्ची, मुळातच बुटकी. यांनी तिच्या पायांखाली ठोकळे बसवून ती उंच केली, आणि भुसा उडतो म्हणून वरून जमिनीपर्यंत चादर टाकली. व्यायामाच्या बाई घरी येत. ओट्याला धरून उभं राहा, पाय बाजूला न्या, मागे न्या, आणि शेवटी उठबस.

"काकू, पुढे सरका. नाक पायाच्या बोटांवर आलं की उठा. आणि त्या दुखऱ्या पायालाही कामाला लावा, तो काय पाहुणा आहे?"

मी कुरकुर केली, पण एक दिवस चुकवला नाही. वॉकर गेला, काठी आली. खुर्ची तेवढी वश होईना. आज हलकं वाटावं, हात छातीशी धरून मी झोकात उठावं, आणि परवा ये रे माझ्या मागल्या! हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर.

"या खुर्चीतच काहीतरी खोट आहे," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," हे म्हणाले. व्यायामाच्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी दिवसभर यांच्याशी बोलले नाही. राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. यांना सोडून राहायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

ठरल्या दिवशी लेक गाडी घेऊन आली. माझी बॅग आधी दाराशी ठेवली आणि मग 'हुश्श' करून त्याच खुर्चीत बसली. बसली कसली, आदळली.

"बाबा, ही एवढी बुटकी कधी झाली?" तिनं उठायला बघितलं. दांडे धरावे लागले तिला.

मी काठीच्या टोकानं चादर वर केली. वीतभर उंचीचे ठोकळे जेमतेम बोटभर उरले होते, चारही सारखे.

"तू हात न लावता उठायला लागलीस की मी थोडे कापायचो," हे म्हणाले. "बाईंनीच तसं सांगितलं होतं. तुला कळलं असतं तर टेप घेऊन भांडत बसली असतीस."

"आणि वर मलाच अंगण वाकडं ऐकवलंत?"

"मग काय, कबूल करणार होतो?"

लेकीला हसू येत होतं, पण ती माझीच मुलगी. तिनं जेवायच्या टेबलाची खुर्ची ओढली. "ते राहू दे. उठून दाखव."

त्या बुटक्या खुर्चीनंतर ही म्हणजे पोरखेळ. मी हात छातीशी बांधून उठले, बसले, परत उठले. तिनं "पुरे गं आई" म्हणेपर्यंत थांबले नाही. मग तिनं माझी बॅग उचलली आणि मुकाट्यानं आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

मी काठी टेकत घरामागच्या आमच्या कारखान्यात गेले, हे मागोमाग. माझं स्टूल जागेवरच होतं. त्याच्याही पायांखाली ठोकळे, नवे, चांगले उंच.

"हे आता कधी कापणार?" मी विचारलं.

यांनी भिंतीवरची करवत काढली आणि माझ्या हातात दिली.